उंचीप्रमाणे गाणं

एकसष्ट सालची गोष्ट. किनाऱ्यावरच्या त्या नव्या कॉलेजात विद्यापीठाची समिती मंगळवारी येणार होती आणि संगीताची पुस्तकं हवी होती शंभर. ग्रंथपाल यज्ञेश्वरने तिसऱ्यांदा मोजली तरी साठच भरली, त्यातही अकरा प्रती 'पेटीशिक्षक' या एकाच पुस्तकाच्या. शंभर नसली तर विषयाला मान्यता नाही, आणि मान्यता नाही तर आपण ग्रंथपाल दुसरा बघू, असं प्राचार्य त्याला हसत म्हणाले होते. प्राचार्य एरवी हसत नसत.

म्हणून तो नागाव गावात नीराबाईंकडे गेला. चाळीस वर्षं त्यांनी ओटीवर मुलींना गाणं शिकवलं. यज्ञेश्वरची थोरली बहीण तिथेच शिकली. आता बाईंचा गळा गेला होता, हात कापत होता. उरल्या होत्या चार जाडजूड वह्या. मिळेल त्या लहानमोठ्या कागदावर स्वरलिपीत लिहिलेले धडे, एकामागे एक, स्वतः दोऱ्याने शिवलेले.

"नेतोस तर ने," बाई म्हणाल्या. "इथे वाळवीच खाणार. फक्त क्रम मोडू नकोस रे. मागचा धडा गळ्यात बसल्याशिवाय पुढचा चढत नाही."

"बाई, ग्रंथालय म्हणजे क्रमच," यज्ञेश्वर म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

साठ आणि चार, चौसष्ट. सोमवारी सकाळी त्याने हिरामण शिपायाला दोरा उसवायला लावला. चाळीस धडे सुटे निघाले. प्रत्येकाला खळीने पुठ्ठे चिकटवून व्हरांड्यात वाळत घातले. दुपारी समुद्राकडून वारा सुटला आणि चाळीसही धडे अंगणभर झाले.

"सायेब, ह्यांच्यावर आकडं न्हाईत," गोळा करून आणल्यावर हिरामण म्हणाला. "पयला कंचा?"

बाईंनी आकडे घातलेच नव्हते. शिवलेल्या वहीत आकडे कशाला?

"उंचीप्रमाणे लाव," यज्ञेश्वर म्हणाला. "ओळ सरळ दिसली पाहिजे." आणि त्याच क्रमाने दाखलअंक घालून शिक्के मारले.

समितीने शहाळी पिऊन झाल्यावर शंभर पुस्तकं मोजली, मांडणी नीटस असल्याचा शेरा मारला आणि ती दुपारीच मांडव्याला लाँच पकडायला गेली. मान्यता आली. नोकरी राहिली.

जुलैत बाई टांग्याने आल्या. कपाटातल्या ओळीवरून बोट फिरवत गेल्या.

"यज्ञेश्वर, पहिला धडा कुठाय?"

"लेखकाच्या नावाने मागा बाई, लगेच काढून देतो."

"लेखक मीच ना?"

"चाळीसही कार्डांवर तुम्हीच." अक्षर त्याने मुद्दाम वळणदार काढलं होतं.

बाईंनी धडे पुन्हा लावून द्यायची परवानगी मागितली. बाहेरच्या माणसाला एका वेळी दोनच पुस्तकं मिळतात, हा नियम त्याने त्यांना अदबीने सांगितला. मग बाई रोज येऊ लागल्या. दोन घ्यायच्या, फाटक्या गळ्याने गुणगुणायच्या, मान हलवायच्या, परत द्यायच्या. चौदाव्या दिवशी एक जोडी जमली. बाईंनी बटव्यातून सुई-दोरा काढला. कापत्या हाताने शिवायला तासभर लागला. म्हातारी माणसं कशात तरी गुंतलेली बरी, म्हणून यज्ञेश्वरने तिकडे लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी कपाट नव्याण्णव भरलं. त्याने हिरामणकडून तो दोरा उसवून घेतला.

"बाई, एक कमी झालं तरी मान्यता जाते," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला.

"आणि माझं गेलं ते?"

"गेलंय कुठे? दाखलअंक आहेत ना त्याचे."

त्याच आठवड्यात दारावर पाटी लागली: 'सुई-दोरा आत नेण्यास मनाई आहे.'

संगीत शिकवायला पदविकावाल्या श्यामलाबाई आल्या. त्या कपाटातले धडे डावीकडून उजवीकडे शिकवीत. वर्षअखेरीस सगळ्या मुली पास झाल्या; परीक्षकांना काहीच खटकलं नाही.

नीराबाई तरीही येत, पण बाहेर पायरीवर बसत. वर्ग सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात आतल्या मुली, बाईंकडे ज्या धड्याला तिसऱ्या वर्षी हात लावायचा, त्यावर ओरडत होत्या.

"बाय, आत बसा की," हिरामण म्हणाला. "उन्हात कशापायी?"

बाईंनी मांडीवरचा बटवा घट्ट धरला.

"नको रे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सुई आहे."