प्लास्टिकखालचे वाइंडिंग मशीन

मी एक वाइंडिंग मशीन आहे. वयाने दीड वर्षाचे. कामाने मी अजून जवळजवळ कोरेच आहे.

मित्रांनो, पंपाची मोटर जळली की तिच्या पोटातली तांब्याची तार काढून नवी भरावी लागते. त्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, माझ्यावर तयार होतात. मला एक हँडल आहे, तार गुंडाळायला लाकडी फर्मा आहे आणि फेरे मोजायला काउंटर आहे. कॉइलला बावन्न फेरे लागत असतील तर बावन्नच हवेत. कमी पडले तर मोटर जास्त वीज ओढते, तापते आणि पुन्हा जळते. हे मोजण्यासाठीच मला घडवले.

माझा जन्म नागपूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझे हँडल शंभर वेळा फिरवले आणि काउंटर पाहिला. शंभर. मग त्याने काउंटर शून्यावर आणला आणि म्हणाला, "जा बाबा, आता पोरांना शिकव."

टेम्पोतून मी सडक अर्जुनीजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात आले. दसऱ्याला दोन दिवस होते. माझ्यासमोर नारळ फुटला आणि प्राचार्यांनी भाषण केले. "पदवी घेऊन घरी बसायचे दिवस गेले. आमच्या मुलांचा हात या मशीनवर बसेल. राइस मिलची मोटर जळो की इटियाडोह धरणाच्या कालव्यावरचा पंप, लोक आपल्याच मुलांना बोलावतील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

दसऱ्याला यंत्राची पूजा होते आणि त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. एक दिवस विश्रांती, ही रीतच आहे. दुसऱ्या दिवशी आमचे शिक्षक प्रफुल सर तारेचे रीळ घेऊन आले. प्राचार्यांनी त्यांना दारातच थांबवले.

"राहू द्या. फेब्रुवारीत तपासणीची कमिटी येणार आहे. तोवर मशीन नवं दिसलं पाहिजे."

माझ्या अंगावरचे हळदकुंकू पुसले गेले आणि वर जाड प्लास्टिक आले. फेब्रुवारी गेला, कमिटी आली नाही. पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. माझी दसऱ्याची विश्रांती दीड वर्ष चालली.

प्रफुल सर फळ्यावर माझे चित्र काढून शिकवत. चित्र सुबक असे. मुले लाकडाच्या ठोकळ्यावर सुतळी गुंडाळून सराव करत. वर्गातल्या ओमेशला गप्प बसवत नसे.

"सर, हे मशीन होय का नवरी होय जी? साल होऊन राहिलं, तोंड काई दाखवत नाही."

वर्ग हसला. सरही हसले आणि फळा पुसू लागले. दुर्गेश्वरी मात्र हसली नाही. ती जवळच्या खेड्यातून सायकलने येत असे. गावातली कोणतीही मोटर जळली की ती दुरुस्तीला गोंदियाला जायची, आणि दुर्गेश्वरीला गावातच दुरुस्तीचे दुकान टाकायचे होते.

"सर, एक कॉइल तरी करू द्या ना जी."

"शेवटच्या महिन्यात करू," सर म्हणाले.

शेवटच्या महिन्यात माझे प्लास्टिक निघाले, पण ते फोटोसाठी. एकेकाने यावे, हँडलवर हात ठेवावा, फिरवू मात्र नये. दुर्गेश्वरीचा हात तेवढ्यातही हँडलवर घट्ट बसला होता. तोच फोटो पुढच्या प्रवेशाच्या पत्रकावर छापला. खाली लिहिले होते, 'प्रत्यक्ष कामातून शिक्षण'. मित्रांनो, त्या फोटोत मीही आहे. मला बोलता येत नव्हते, म्हणून माझी साक्ष खरी मानली गेली.

परीक्षा झाली. सगळे पहिल्या वर्गात पास झाले.

एप्रिलच्या एका दुपारी दुर्गेश्वरी परत आली. तिने पोत्यात बांधलेला मोटरचा गाभा, म्हणजे कॉइल बसतात तो लोखंडी भाग, माझ्याशेजारी टेबलावर ठेवला. जळक्या वार्निशचा वास खोलीभर पसरला.

"आमच्या गावच्या श्यामलालकाकाची मोटर आहे, सर. माह्या हातची पहिली. अर्ध्या दिवसात जळली."

"फेरे मोजले होते का?"

"बोटावर मोजले. खोलून पाह्यलं त कुठं सत्तेचाळीस, कुठं पन्नास. काका म्हणाले, आठ दिवसात नीट भरून दे, नाईतर गोंदियाले नेतो. मोटर गोंदियाले गेली त मंग माह्या दारात कोनी येते काय? आताच म्हणून राहिले, सर्टिफिकेटवाली पोरगी मोटर जाळते."

सरांनी गाभा उलटा करून पाहिला.

"मशीन त इथंच होती ना जी. काऊन शिकवलं नाही आम्हाले?"

"उद्या कमिटी येणार आहे, दुर्गेश्वरी. परवा ये."

"परवा परवा करत माहं साल गेलं," ती म्हणाली आणि तिने माझे प्लास्टिक स्वतःच ओढून काढले.

सरांनी तिला अडवले नाही. तारेचे रीळ आणून दिले आणि हळूच म्हणाले, "ताणून धर. ढील देऊ नको." माझे हँडल फिरले. एक, दोन, तीन... पहिल्यांदाच माझ्या अंगावरून तांबे जात होते. बावन्नवर ती थांबली. कॉइल एकसारखी, घट्ट झाली होती. तिने ती उजेडात धरून पाहिली. तिच्या मोटरला अशा बारा लागत होत्या.

एवढ्यात प्राचार्य दारात उभे राहिले. "हे काय चालू आहे? उद्या कमिटी आहे ना! बंद करा."

दुर्गेश्वरी एक कॉइल घेऊन गेली. परवा बाकीच्या करू, म्हणून गाभा सरांनी टेबलावरच ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. एका पाहुण्याने माझा काउंटर वाचला, तारेचे तुकडे पाहिले आणि जळक्या गाभ्याला हात लावला. प्राचार्य लगेच म्हणाले, "मुलं गावातल्या मोटरी इथंच आणतात. रोजचं काम आहे." पाहुण्याने वहीत लिहिले, 'प्रात्यक्षिक उत्तम.' पुढच्या तुकडीच्या जागा दुप्पट झाल्या. तिचे जळलेले काम आणि माझे बावन्न फेरे, दोन्ही प्राचार्यांनी आपल्या नावावर लावले. प्रफुल सर भिंतीला टेकून उभे होते.

संध्याकाळी प्लास्टिक परत आले. खोलीला कुलूप लागले आणि गाभा बाहेर व्हरांड्यात गेला.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी ती आली. प्रफुल सरांना प्रवेशाची पत्रके वाटायला गावोगावी पाठवले होते. शिपाई म्हणाला, "किल्ली प्राचार्य साहेबांजवळ आहे, बाई. साहेब गोंदियाले गेले." ती बराच वेळ खिडकीच्या गजांशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मग गाभा सायकलच्या कॅरिअरला बांधण्याचा आवाज आला. ती सायकल कोणत्या दिशेला गेली, हे मला खिडकीतून दिसले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी इतर यंत्रे तुम्हाला सांगतील, आम्हाला जपा, आमच्यावर धूळ बसू देऊ नका. माझी विनंती उलटी आहे. तुम्ही अशा कॉलेजात गेलात आणि कोपऱ्यात झाकलेले यंत्र दिसले, तर फोटोसाठी त्याच्याजवळ उभे राहू नका. आधी ते चालवायला मागा. माझे हँडल सैल होऊ द्या, फर्मा झिजू द्या, तारेने अंगावर ओरखडे पडू द्या. पण श्यामलालकाकांनी दिलेले आठ दिवस सरायच्या आत मागा. दुर्गेश्वरीच्या अकरा कॉइल अजून व्हायच्या आहेत.