सावलीत सापडलेलं घड्याळ

वर्षाच्या शेवटी मुलांनी सगळे विषय एकत्र कालवून काहीतरी बनवायचं आणि शिक्षकांनी हाताची घडी घालून बघत राहायचं, असा शाळेचा नवा नियम होता. त्यानुसार आठवीच्या एका गटाने अंगणात सूर्यघड्याळ बांधलं. त्यात कोन गणिताचे, सूर्य भूगोलाचा, सिमेंट हस्तकलेचं आणि हुकूम सगळे मुकादमचे. मुकादम म्हणजे गटप्रमुख मुलगी. हे नाव तिने घामाने कमावलं होतं, अर्थात इतरांच्या.

घड्याळ नीट चाललं तर अंगणात कायमचं राहील, नाहीतर सुट्टीत फोडू, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं.

"एकदा दुपारी तपासू या का?" मुकादमच्या मावसभावाने तिला विचारलं होतं. तोही गटातच होता.

"तू सिमेंट कालव. डोकं चालवायला मी आहे."

सकाळच्या मोकळ्या तासाला घड्याळ घंटेशी असं जुळायचं की मुकादमला भाऊ म्हणजे गटातला निव्वळ तोटा वाटे.

मुख्याध्यापिकाबाई तपासायला आल्या त्या मात्र दुपारी. घड्याळावर शाळेच्या इमारतीची सावली ऐसपैस पसरली होती.

"किती वाजले गं?"

मुकादमने वर पाहिलं. ढगांवर ढकलावं तर आभाळ लख्ख. खाली बघत ती म्हणाली, "हा म्हणाला होता दुपारी तपासू. मीच ऐकलं नाही."

भावाने चमकून पाहिलं. त्याच्या खात्यात तिने पहिल्यांदाच काही जमा केलं होतं.

"मुकादम, ही सावलीसुद्धा सरकतेच की," तो हळूच म्हणाला. "सकाळी काटा म्हणजे आपली उभी पट्टी, दुपारी अख्खी शाळा. सावलीच्या कडेवर दर घंटेला रेघ मारू."

"खडू घे. मी सांगते तिथे..." ती थबकली. "नाही, तूच सांग. कुठे?"

त्याने अंगणात सावलीच्या कडेने रेघ ओढली. पुढची घंटा झाली तेव्हा कड पुढे गेली होती. दुसरी रेघ पडली. बाईंनी खुर्ची मागवली. शाळा सुटेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

"सूर्य रोज थोडी वाट बदलतो, बाई," मुकादमने कबूल करून टाकलं. "सुट्टीनंतर या रेघा चुकतील."

"मग सुट्टीनंतर पुन्हा मारा. फोडणार कुणी नाही. पण दुपारचा मुकादम हा."

दुपारच्या मुकादमने वेळ दवडला नाही. "खडू संपला. आणतेस?"

"आणते," सकाळची मुकादम म्हणाली, आणि निघालीही.