विम्याची पाटी

रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला पतसंस्थेचा कारभार बघणाऱ्या आइलीने मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, "आपल्या पतसंस्थेने केंद्र सरकारच्या ठेव विम्यासाठी अर्ज केलाय. खिडकीत पाटीसुद्धा लावलीय." लोकांनी मुकाट्याने केक खाल्ला आणि घरी गेले. फिनिश माणूस गप्प बसला म्हणजे खूश झाला, असं फिनलंडहून आलेल्यांनी वसवलेल्या अमेरिकेतल्या मिशिगनच्या त्या टोकाला शेंबडं पोरही समजत नाही. पण आइली तसंच समजली. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय.

सोमवारी सकाळी कागद गिरणीसमोरची कचेरी उघडायला ती आली. दारापासून लाकडाच्या वखारीपर्यंत रांग होती, प्रत्येकाच्या हातात पासबुक. आणि सगळ्यांत पुढे कोण, तर तिचे वडील, वाइनो हाउटाला. गिरणीतल्या कामगारांकडून डॉलर-डॉलर जमवून ही पतसंस्था ज्यांनी उभी केली, तेच.

"बाबा, तुम्ही इथे काय करताय?"

"पैसे काढायला आलोय. सगळे."

"अहो, पण का?"

"घरात धूर झाल्याशिवाय कोणी पाण्याची बादली शोधत नाही, पोरी. इतकी वर्षं विमा लागला नाही, मग आत्ताच कसा लागला?"

"तेच म्हणते मी," मागून लाम्पीकाकूंनी सूर लावला. "बुडाली असेल तर सरळ सांग ना बाई, आम्ही काय तुला खाणार आहोत?"

"काही बुडालेलं नाही, काकू. पुढे कधी बुडालीच, तर तुमचे पैसे सरकारने द्यावेत, म्हणून तर अर्ज केलाय."

"तेहेतीस साली बँक बुडाली, त्याआधी तिचा मॅनेजर असंच गोड बोलला होता," बाबा म्हणाले. "तेव्हा मी रांगेत शेवटी होतो. तुझ्या आईने तो अख्खा हिवाळा उकडलेल्या बटाट्यांवर काढला. आता मी कुणाचं ऐकणार नाही."

पैसा काय तिजोरीत झोपून होता? कुणाच्या छपरात, कुणाच्या ट्रकमध्ये कर्जाऊ गेलेला. आणि आजच दुपारी सरकारी तपासनीस येणार होता, संस्थेकडे पुरेशी शिल्लक आहे का ते बघायला. पण सभासदाचा पैसा सभासदाचा, नाही म्हणायची सोय नाही. तिने सख्ख्या बापाला नोटा मोजून दिल्या. त्यांनी अंगठा ओला करून त्या पुन्हा मोजल्या. तिला ते फार लागलं.

"वाइनोनेच काढले म्हणजे बघा," रांग कुजबुजली. जेवणाच्या भोंग्याआधीच तिजोरी रिकामी झाली. निम्मी रांग अजून बाहेरच होती.

तपासनीस आला, रांग पाहिली, तिजोरी पाहिली. माणूस वाईट नव्हता. "बाई, जी संस्था आज पैसे देऊ शकत नाही, तिचा विमा सरकार कसा उतरवणार?" एवढंच हळू बोलला आणि गेला. आइलीने कचेरी बंद करायला घेतली.

ती बाहेर आली तेव्हा बाबा वखारीच्या ओंडक्यावर बसून होते.

"काय म्हणाला साहेब?"

"नाही म्हणाला."

"वाटलंच मला. हे बघ, विमा मिळाला ना, की मी सगळे परत आणून भरतो. तुझी शपथ."

हा माणूस हे मनापासून बोलत होता.

"बाबा, तुम्ही पैसे काढलेत म्हणून विमा मिळाला नाही."

म्हाताऱ्याचा हात कोटाच्या आतल्या, नोटांच्या खिशाशी गेला आणि तिथेच राहिला. पाळी सुटलेले कामगार पासबुकं घेऊन बंद दाराशी जमत होते.

"ह्यांना कोणी सांगितलं यायला?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कोणी नाही सांगितलं. तुम्हाला बघून आलेत."