घारीचा पंचनामा

शहात्तर साली ऐन भाद्रपदात, वळसंगच्या शिवारात उसावर औषध फवारणाऱ्या विमानाला घार धडकली. वैमानिकानं विमान पडीक रानात कसंबसं उतरवलं. विमानाच्या पंखाला पोचा आला, त्याला स्वतःला मात्र ओरखडासुद्धा नाही. घार येऊन पडली ती सिद्धम्माच्या गोठ्यासमोर. एक पंख मुरगळून लोंबत होता, पण धुगधुगी होती.

सिद्धम्मानं तिला डालग्याखाली ठेवलं. भाकरी कुस्करून दिली, दूधभात दिला. घारीनं तोंड फिरवलं.

"अक्का, ती काय तुमच्या मठातली हाय व्हय?" मेंढरं घेऊन निघालेली गोजाबाई हसली. "तिला मटान लागतंय की!"

सिद्धम्माच्या लिंगायत घरात कधी अंडंही आलं नव्हतं. तिनं दिवसभर दम धरला. पण घार मलूल व्हायला लागली तशी संध्याकाळी आपणहून गोजाबाईच्या पालावर गेली. पानात बांधून आणलेले तुकडे नाकाला पदर लावून तिनं चिमट्यानं डालग्याखाली सारले. चिमटा चुलीवरचा होता. ते तिच्या नवऱ्यानं, मल्लप्पानं पाहिलं आणि तो चार दिवस बहिणीकडं जेवला.

पाचव्या दिवशी अपघाताच्या चौकशीला विमान खात्याचे धोत्रे साहेब आले. हातात वैमानिकानं अर्धा भरून दिलेला छापील फॉर्म.

"मृत पक्षी कुठं आहे?"

"मेली न्हाय की," सिद्धम्मा म्हणाली. "लई खातीया."

साहेब चाचरले. फॉर्मात मृत पक्ष्याची लांबी, रुंदी, वजन सगळं होतं; जिवंत पक्ष्याला रकानाच नव्हता. "निदान लांबी तरी घेऊ," म्हणत त्यांनी टेप काढला आणि सिद्धम्मा "नगं, नगं" म्हणेपर्यंत डालगं उचललं.

घारीनं आधी साहेबांचं बोट फोडलं. मग भिंतीवर, तिथून जरा तिरकी होत लिंबावर, आणि लिंबावरून वर.

सिद्धम्मा मान वर करून अंगणभर धावली. "अगं, इमान बघून उड!"

मग तिनं साहेबांच्या बोटाला हळद लावून चिंधी बांधली. साहेबांनी बाजेवर बसून फॉर्म मांडीवर घेतला. 'जखमी व्यक्ती' पुढं वैमानिकानं 'निरंक' लिहिलं होतं. ते खोडून साहेबांनी डाव्या हातानं स्वतःचं नाव घातलं.

त्या संध्याकाळी मल्लप्पा घरी जेवायला बसला.

"गेली म्हनं?"

"गेली."

भाकरी मोडता मोडता तो थांबला. "नीट उडत हुती न्हवं?"