पूर्ण झाल्याची फ्रेम

"काकू, प्रोग्राम म्हणतोय एक्केचाळीस," प्रोग्रामर म्हणाला.

काकूंनी मान वर केली नाही. त्यांचं बोट बाणाच्या बटणावर होतं. एकदा दाबलं की पडद्यावरचं चित्र एका फ्रेमनं पुढे सरकायचं, आणि अशा साठ फ्रेमा मिळून एक सेकंद व्हायचा. एक्केचाळिसाव्या फ्रेमला पडद्यावर करड्या पट्ट्या होत्या, एकाखाली एक, नुसत्या आखून ठेवल्यासारख्या. पन्नास. साठ. पट्ट्या तशाच. नव्वदीच्या आसपास पहिल्या पट्टीच्या जागी डॉक्टरांचं नाव उमटलं, मग खालची नावं, मग फोटो, आणि सगळ्यात शेवटी प्रत्येक नावाखाली वेळा आल्या. साडेनऊ, पावणेदहा, दहा.

"एकशे बारा," काकू म्हणाल्या आणि रकान्यात आकडा भरला.

प्रोग्रामर त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. तिशीतला माणूस होता, दाढी राखलेला, बोलताना चष्मा पुसायची सवय असलेला. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं हे ॲप उघडायला किती वेळ लागतो, ते मोजायचं काम त्याच्याकडे होतं. सुरुवात कुठे होते हे सोपं होतं, बोट लागलं की सुरुवात. शेवट कुठे, यावर गाडं अडलं होतं. पडदा अर्धा सेकंद हलला नाही तर तो पूर्ण झाला, असं त्यानं प्रोग्रामला शिकवलं होतं. प्रोग्राम करड्या पट्ट्यांनाच फसायचा. आणि वरच्या बाजूला सरकती जाहिरात असली तर पडदा कधी स्थिरच व्हायचा नाही, आणि प्रोग्राम आपला वाट पाहत बसायचा.

म्हणून काकू होत्या. ॲप उघडतानाच्या दीडशे चित्रफिती रोज पाहायच्या आणि ज्या फ्रेमला पडदा पूर्ण झाला तिचा आकडा लिहायचा. त्याआधी बावीस वर्षं त्या कापडगिरणीत तपासणीला होत्या. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत जायचं आणि तुटलेला धागा दिसला की काकू हात वर करायच्या. गिरणी बंद झाली तेव्हा इथल्या मॅनेजरबाईंनी त्यांना बोलावलं होतं. नजर पाहिजे, बाकी आम्ही शिकवू, असं सांगून.

"पण तुम्हाला कळतं कसं?" प्रोग्रामरनं विचारलं. हा प्रश्न तो दर आठवड्याला विचारायचा.

"दिसतं," काकू म्हणाल्या. याहून जास्त त्यांनाही सांगता येत नव्हतं.

एका सेकंदात दिवसभर राहायचं, असं ते काम होतं. संध्याकाळी बाहेर पडल्यावर रस्ता त्यांना फार वेगानं चाललेला वाटायचा, आणि मग हळूहळू तोही सुटा व्हायचा. कबुतर कठड्यावरून उडताना आधी मान पुढे करतं, मग पाय सोडतं. सिग्नलचा दिवा लाल होतो तेव्हा हिरवा पूर्ण विझलेला नसतो. कुणी ओळखीचं समोरून आलं तर ओळख पटायच्या आधीचा चेहरा वेगळा आणि पटल्यानंतरचा वेगळा, आणि त्या दोहोंच्या मधला एक कोरा चेहरा त्यांना दिसायचा. रात्री झोपेत त्या बटण दाबत राहायच्या आणि त्यांच्या आईचं स्वयंपाकघर एकेका फ्रेमनं उमटत जायचं. आधी खिडकी, मग भिंत, मग ओट्याची कड. आई काही येत नसे. त्या दाबत राहायच्या. सकाळी उठल्यावर बोट खरंच दुखायचं.

त्यांच्या नवऱ्याला या नोकरीची गंमत वाटायची. तो बसडेपोतून निवृत्त झाला होता आणि आयुष्यभर वेळापत्रकं सांभाळल्यामुळे त्याला कशातही उशीर खपत नसे. आमच्या हिला पडदा बघायचे पैसे मिळतात, असं तो शेजारीपाजारी सांगायचा, आणि वर, बोलपट नाही हो, मूकपट.

त्यांची एकुलती एक मुलगी लग्नानंतर लांबच्या शहरात राहायला गेली होती. दर रविवारी दुपारी ती फोनवर दिसायची. खिडकीच्या निळ्या पडद्यासमोर बसून ती कामाचं, हवेचं, शेजारच्या मांजराचं सांगायची. जावई हल्ली बाहेरच असायचा. कधी बाजारात, कधी मित्राकडे.

त्या रविवारीही तसंच चाललं होतं. फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवला होता. नवऱ्यानं गुडघ्याच्या दुखण्याचं सविस्तर सांगून झाल्यावर सहज विचारलं की जावईबापू कसे आहेत, दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत. ठीक आहे, मुलगी म्हणाली. मग तिनं तोंड उघडलं आणि तशीच राहिली. डोळे जरा खाली, ओठ किंचित विलग. आवाज थांबला.

नवरा हॅलो हॅलो करू लागला. मग म्हणाला, "अडकली वाटतं. ठेवून दे, परत लावू."

त्याचं बोट लाल बटणाकडे गेलं. काकूंनी त्याचं मनगट धरलं.

चेहऱ्यावर काहीही हलत नव्हतं. पण काकू चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या. मुलीच्या खांद्यामागे निळ्या पडद्याची खालची कड होती. ती केसाइतकी वर उचलली गेली आणि परत खाली आली. खोलीत पंखा चालू असावा. पुन्हा उचलली गेली, पुन्हा खाली.

"अडकलेली नाही," काकू हळूच म्हणाल्या. "थांबा."

नवरा थांबला. आयुष्यात पहिल्यांदा, काहीही न विचारता थांबला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकूंना वाटलं, आपण पाण्याखाली बसलोय आणि वरून ऊन येतंय. मिनिटभर तरी गेलं असेल. मिनिटाच्या छत्तीसशे फ्रेमा, त्यांच्या मनात येऊन गेलं.

"आई," मुलगी म्हणाली, "मी तीन महिने एकटीच राहतेय. तो गेला."

नवरा काही बोलणार होता. काकूंनी मनगट सोडलं नव्हतं.

मग हळूहळू सगळं आलं. भांडण नाही, मारहाण नाही, एक दिवस त्यानं सांगितलं की त्याला हे नको आहे, आणि गेला. सांगायचं कसं ते कळत नव्हतं. दर रविवारी ठरवायची आणि मांजराचं सांगायची. शेवटी ती म्हणाली, "आत्तासुद्धा मला वाटलं, तुम्हाला नेट गेलंसं वाटेल आणि तुम्ही ठेवाल. ठेवला असता तर मी परत उचलला नसता."

"घरी ये," काकू म्हणाल्या. नवऱ्यानं नुसती मान हलवली, मुलीला दिसेल अशी, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी काकू ऑफिसात गेल्या आणि नेहमीसारख्या कामाला बसल्या. दुपारी आपणहून उठून त्या प्रोग्रामरच्या टेबलाशी गेल्या. असं त्या कधी करत नसत, म्हणून तो उभाच राहिला.

"मला कळतं कसं, ते सांगू का?" त्या म्हणाल्या. "पडदा हलायचा थांबला का, ते मी बघतच नाही. माणूस कशासाठी आलाय ते बघते. हॉस्पिटलात माणूस वेळ घ्यायला येतो. मग वरची जाहिरात सरकेना का सरकायची तेवढी. आणि पट्ट्या कितीही गप्प बसल्या, तरी त्यात त्याचं काहीच नाही. वेळ दिसली, आणि बोट लावेपर्यंत तिथून हलली नाही, की त्याच्यापुरतं झालं."

प्रोग्रामरनं चष्मा काढला, पण पुसला नाही. त्यानं त्यांना पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं आणि कागदावर लिहून घेतलं. मग जरा वेळानं म्हणाला, "काकू, हे मी प्रोग्रामला शिकवलं तर..."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "पण मी दिवसाला दीडशेच बघते. बाकीचे हजारो तसेच जातात ना."

दोन आठवडे त्यानं खपून ते केलं. सरकती जाहिरात मोजायची नाही, असं प्रोग्रामला सांगितलं. पट्टीत अक्षरं आल्याशिवाय ती भरली धरायची नाही, आणि वेळांच्या चौकटीत शेवटचा बदल कधी झाला ते बघायचं. मग काकूंनी आकडे लावलेल्या दोनशे चित्रफिती त्यानं प्रोग्रामसमोर ठेवल्या. एकशे नव्व्याण्णव जुळल्या, फार तर एकदोन फ्रेमांचा फरक. एक जुळेना. काकूंनी नव्व्याण्णव लिहिलं होतं, प्रोग्राम म्हणत होता एकशे चार.

प्रोग्रामर म्हणाला, प्रोग्रामचंच चुकत असेल. काकूंनी खुर्ची ओढली आणि बोट बटणावर ठेवलं. नव्व्याण्णव. शंभर. एकशे तीनपर्यंत शेवटच्या डॉक्टरांच्या वेळा एक ओळ वर होत्या. एकशे चारला त्या खाली सरकल्या. त्याआधी बोट लावलं असतं तर भलत्याच वेळेवर पडलं असतं. चित्रफितीवर काकूंनी ती पाहिल्याची तारीख होती, मुलीच्या फोननंतरच्या सोमवारची. सकाळची.

काकूंनी आपला आकडा खोडला आणि त्या जागी एकशे चार लिहिलं. शेजारी सही केली.

मॅनेजरबाईंनी त्यांना आत बोलावलं तेव्हा त्या बराच वेळ इकडचंतिकडचं बोलत राहिल्या. काकूंनीच त्यांना सोडवलं. महिनाअखेरपर्यंत येते, म्हणाल्या. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि कुठे काही निघालं तर कळवते असं सांगितलं.

मुलगी शेवटच्या आठवड्यात आली. एक मोठी बॅग घेऊन. ती तिनं खोलीच्या दाराशी ठेवली आणि चार दिवस बॅग तिथेच होती. लागेल तेवढं वरच्यावर काढायची आणि चेन परत लावायची. येताजाता बॅग सगळ्यांच्या पायात यायची. नवऱ्याच्या गुडघ्याला ती दोनदा लागली. त्यानं ती उचलून कोपऱ्यात ठेवावी का, असं काकूंना खुणेनं विचारलं. काकूंनी नाही म्हटलं, आणि तो वळसा घालून जाऊ लागला.

शेवटच्या दिवशी ऑफिसात प्रोग्रामरनं त्यांच्यासाठी कॉफी आणली. दोघांनी ती उभ्यानंच घेतली. निघताना तो लिफ्टपर्यंत आला, आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तिथेच उभा होता.

काकू दुपारीच घरी पोचल्या. नवरा झोपला होता. मुलीच्या खोलीचं दार उघडं होतं, कपाटात तिचे कपडे लावलेले होते आणि दाराशी बॅग नव्हती. बॅग मागच्या गॅलरीत होती. मुलीनं ती धुऊन, उलटी करून दोरीवर टाकली होती, आणि तिच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. मुलगी आत भांडी विसळत होती.

काकूंनी पर्स खाली ठेवली. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी त्यांनी एका बाजूला सारल्या आणि बॅगेला उन्हात जागा करून दिली.