नाकाला लेप

घाटनांदूरचा बंकट गावाच्या नव्वद शेळ्या राखतो. बोलता बोलता वाक्याच्या मधेच त्याला झोप लागायची. एकदा त्यानं मला रामराम घातला. पहिला राम सोमवारी मिळाला, दुसरा मंगळवारी.

त्याच्या झोपेत शेळ्यांनी, गावाचे फैसले करणाऱ्या अर्जुनरावांचा हरभरा तिसऱ्यांदा खाल्ला, तेव्हा अर्जुनराव म्हणाले, "आता शेळ्या दुसऱ्याकडं." बंकटला दुसरं काम येत नव्हतं. म्हणून त्याच्या आईनं, साखराबाईनं, त्याला लातूरच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं त्याला डोक्याला तारा लावून रात्रभर झोपवलं आणि दुसऱ्या दिवशीही दर दोन तासांनी झोपवून पाहिलं. बंकटच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस.

डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं. साखराबाईनं ते नीट ऐकलं आणि घरी येताच हळद-वेखंड उगाळून पोराच्या नाकाला लावलं.

तशाच पिवळ्या नाकानं बंकट पारावर शेळ्यांच्या फैसल्याला उभा राहिला.

"हे काय बे?" अर्जुनरावांनी विचारलं.

"डॉक्टरनं सांगितलंय मालक," साखराबाई म्हणाली. "नाकाला लेप."

अर्जुनरावांची नात धनश्री नर्सिंग शिकते. तिनं डॉक्टरची चिठ्ठी हातात घेतली. "मावशी, नाकाला लेप न्हाई. नार्कोलेप्सी. झोपेचा आजार हाय. जागं ठेवणारी मेंदूतली खिट्टी ढिली पडते. आळस न्हाई ह्यो. आन जोरात हसू आलं, की अंगातलं बळ जातं, माणूस खाली बसतो. शुद्ध मातर असते, सगळं ऐकू येतं."

"हसल्यावर पडतो?" अर्जुनराव म्हणाले. "मंग आत्ताच बघू. पडला तर आजार. न्हाई पडला तर शेळ्या गेल्या."

साखराबाईनं पदर तोंडाला लावला. अर्जुनरावांनी घसा साफ केला आणि विनोद सांगितला.

"एक माणूस बैल घ्यायला बाजारात गेलता. बैल महाग होता. परत आला."

बंकट उभाच. गाव उभं. पारावरचं कुत्रं उठून गेलं.

"बघा! लबाड हाय," अर्जुनराव म्हणाले.

"आवो, त्याला कशापायी लबाड म्हणता?" मागून त्यांच्या बायकोचा, छबुबाईचा, आवाज आला. "लग्नाच्या दिशी मला ह्योच इनोद सांगितलता. मी रडले. लोकांना वाटलं, म्हायेराची आठवण आली."

बंकटचं तोंड आधी सैल पडलं, मग मान, मग गुडघे. तो पोत्यासारखा खाली बसला आणि आडवा झाला. डोळे उघडे.

"ऐकू येतंय का बे?" अर्जुनरावांनी काठीनं ढोसलं.

मिनिटभरानं बंकटला जीभ हलवता आली. "येतंय मालक. पुन्यांदा सांगू नका."

आजार मान्य झाला, शेळ्या राहिल्या. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या आणि दिवसा ठरल्या वेळी दोन डुलक्या. त्या वेळी शेळ्या कोण बघणार, हा प्रश्न उरला. हरभरा ज्याचा, त्यानं बघाव्यात, असं छबुबाई म्हणाली.

आता बंकट बाभळीखाली वेळेवर झोपतो आणि अर्जुनराव बांधावर बसून शेळ्यांना बैलाची गोष्ट सांगतात. परवा त्यातली एक काळी शेळी गुडघ्यांवर बसली. तिला लातूरला न्यायचं म्हणून ते जीप शोधतायत.