नाही म्हणणारी खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. साबणाच्या कारखान्यातली, पण साहेबांची नव्हे. त्यांच्या मोठ्या खुर्चीशेजारची, उपव्यवस्थापकाची.

आम्ही दोघी एकाच सुताराच्या हातच्या. तिला हात मिळाले, गादी मिळाली. मला दोन्ही नाही. "दुसऱ्या नंबरचा माणूस टेकतो कुठे? सारखा उठतच असतो," सुतार म्हणाला.

आधी माझ्यावर एक काका बसत. साहेब हसले की हसत, खोकले की पाणी आणत. ते निवृत्त झाले आणि बाई आल्या.

कारखान्याची एक रीत होती. बढती, बोनस, शाबासकी मोठ्या खुर्चीवरून मिळायची. रजा नाकारायची असो, कुणाला समज द्यायची असो, साहेब गोड हसून म्हणत, "बाईंना विचारा." वाईटपणा सगळा आमच्या वाट्याला. कामगार बाईंना 'ब्रेक' म्हणायचे. बाईंच्या कानावर आलं. "मग बिनब्रेकच्या गाडीत बसा," एवढंच बोलून त्या कामाला लागल्या.

काल बॉयलरवाला सांगत आला, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय, दाब वाढला तरी उघडत नाही. मोठी ऑर्डर तोंडावर होती. साहेब म्हणाले, "हा आठवडा ढकलू. मग बघू."

बॉयलर सुरू करायला दोघांच्या सह्या लागतात. बाईंनी पेन उचललंच नाही.

"बाई, नाही म्हणायलाच तुम्हाला ठेवलंय. पण लोकांना, मला नव्हे."

"सवय तुम्हीच लावलीत, साहेब. आता माणूस बघून ती मोडता येणार नाही."

"तुमच्यावाचून इथं काही अडत नाही."

"म्हणून तर अडवायला बसलेय."

साहेबांनी शिपायाकडून मला व्हरांड्यात काढलं. आज सकाळी बाईंनी मला स्वतः उचललं, बॉयलरखोलीच्या अरुंद दारात ठेवलं आणि बसल्या.

बॉयलरवाला आला. "साहेब म्हणतात, सहीबिही राहू दे, पेटव."

"व्हॉल्व्ह आणलास?"

"नाही."

"मग आत काय काम?"

तो शेजारच्या पायरीवर बसला. "सुटलो," म्हणाला. "बायको सकाळी जाऊच नको म्हणत होती."

आता साहेब लांबून येताना दिसताहेत. येऊ देत. मला दुय्यम म्हणा, बिनहाताची म्हणा, उद्या भंगारात घाला. पण आधी नवा व्हॉल्व्ह बसवा. तोवर मी या दारातून हलायची नाही.